आखाजीच्या आधीचे तीन दिवस

फोनमधला आवाज मोठ्यानं वाजू द्या, हे मीच सांगितलं होतं. नावाच्या जागी माहेरचं गाव ठेवा, हेही मीच सांगितलं होतं. आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढं लिहिता लिहिता माझी हिंमत सुटेल अन् मी सगळं दुसऱ्याच कुणावर ढकलून मोकळी होईन, तशी सवयच आहे मला.

मी इकडची नाही. माझं माहेर पुसदच्या पलीकडं, तिथून शहाद्याजवळच्या या गावात लग्न करून आले तेव्हा बस, मग रेल्वे, मग परत बस, असं करत आले. माहेरचे पाच जण सोडायला आले होते, ते दुसऱ्या दिवशी परत गेले अन् मी राहिले. आमच्या गावात एक माणूस यायचा, तो अशीच लांबची लग्नं जुळवायचा, तो म्हणाला जमीन आहे, पाण्याखालची आहे, पपई आहे, ऊस आहे, मुलगा सीझनला पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात जातो, त्यांच्यात मुली मिळत नाहीत म्हणून लांबची करतात. यातलं काहीच खोटं निघालं नाही. फक्त बोली वेगळी आहे हे त्यानं सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी सासू मला म्हणाली, "बठ वं, कसाले उभी शे?" मला त्यातलं काही कळलं नाही, मी अजूनच ताठ उभी राहिले, अन् सगळ्या बाया हसल्या.

मी आठवी शिकलेली. पुस्तकातली मराठी येते, घरची येते, पण इथं चुलीपाशी चार बाया बसून भराभर बोलायला लागल्या की मला वाटायचं मी पाण्याखाली बसलेय अन् वरून आवाज येतायत. काही विचारलं तर मी हसायची. शिवी दिली असती तरी हसले असते. सासू शेजारणीला सांगायची, "मुकी नही शे व बहीन, पन बोलत नही." माझी सासू वाईट नाही, हेही लिहून ठेवते. बाळंतपणात तिनं माझं अंग चोळलं, मला डिंकाचे लाडू केले, माझी मुलगी रडली तर माझ्याआधी ती उठते.

इथं सुनेला नावानं कुणी हाक मारत नाही. माहेरचं गाव लावून बोलवतात, दोंडाईचावाली, सारंगखेडावाली, तशी मी पुसदवाली. माझं खरं नाव फक्त रेशनकार्डावर अन् दवाखान्याच्या कागदावर. मला त्याचं वाईटही वाटायचं नाही, उलट कुणी पुसदवाली म्हटलं की निदान गावाचं नाव कानावर पडतं असं वाटायचं.

मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा कॉलेजातल्या तीन ताया आमच्याकडं आल्या. अंगणवाडीतल्या बाईंनी त्यांना घर दाखवलं होतं. म्हणाल्या, बाहेरून आलेल्या सुनांसाठी आम्ही फोनमधलं एक ॲप बनवतोय, इतक्या लांब येऊन त्या घरात एकट्या पडतात, एकमेकींशी बोलता यावं म्हणून, पण ते कसं असावं हे आम्हाला माहीत नाही, तुम्हीच सांगा. मला वाटलं चुकीच्या घरी आल्या. मला कुणी कधी, भाजीत मीठ किती, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

सासू दारातून म्हणाली, "काय व, काय इचारी ऱ्हायन्यात त्या पोरी?"

मी म्हटलं, "काही नाही आई, शाळेचं आहे."

हे माझं पहिलं खोटं. का बोलले ते मला आजही सांगता येत नाही, भीती वाटली की मी आधी खोटं बोलते अन् मग विचार करते.

त्यातली एक चष्म्याची ताई होती, तिनं ओट्यावर कागद मांडले. कागदावर फोन काढलेला, त्यात मोठं गोल बटण. म्हणाली, हा खरा फोन आहे असं समजा अन् दाबा. मी कागदावर बोट ठेवलं तर ती स्वतःच मशीनच्या आवाजात बोलली, "तुमचा निरोप बोला." मला असं हसू आलं, किती दिवसांनी, पोट दुखेपर्यंत. मी परत दाबलं, ती परत बोलली. तेवढ्यात माझ्या मुलीनं एका कागदी फोनचा कोपरा तोंडात घालून चावला, तर ती ताई म्हणाली, "घ्या, हिनं अख्खं ॲपच खाल्लं!"

मग मी बोलायला लागले अन् थांबेचना. मी म्हटलं लिहायचं नको, वाचायचं नको, आमच्यातल्या कितीकजणींना येत नाही. दुपारी एक ते तीन निरोप येऊ द्या, तेव्हा पुरुषमाणूस शेतात असतं अन् नवऱ्याचा फोन घरी चार्जिंगला लावलेला असतो. ताईनं विचारलं, निरोप आला की फोन कानाला लावून ऐकायचा का? मी म्हटलं, छे, हात पिठात असतात, मूल कडेवर असतं, फोन कानाला कोण लावणार, आपोआप मोठ्यानं वाजू द्या, आमच्याकडं सगळे तसंच ऐकतात. तिनं लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, नावं लपवायची आहेत, कुणाचं नाव कुणाला कळायला नको, तर तिथं काय ठेवू, नंबर? मी म्हटलं नंबर कशाला, माहेरचं गाव ठेवा की, पुसदवाली, अमकीवाली, आमचं नाव असंही कुणाला माहीत नसतं. ताई दुसऱ्या ताईकडं बघून म्हणाली, "किती छान आहे हे, आपल्याला सुचलंच नसतं." माझे कान तापले. त्या गेल्यावर मी भाकरी थापत होते अन् एकटीच हसत होते.

आता वाटतं, मी कसं नाही म्हटलं थांबा म्हणून? पुसदवाली म्हणजे या अख्ख्या भागात मीच एक. दोंडाईचावाल्या गावात सात निघतील, पण लांबून आणलेली जी ती आपल्या गावची एकटीच असते. नाव सांगितलं असतं तर एखादवेळी लपलीही असती, गाव सांगितलं की घरच सांगितलं. पण मला ते सुचलं नाही, ताईलाही नाही, तिला कुणी तिच्या गावानं हाक मारत नसेल ना.

ॲप चालू झालं ते थंडी सरताना. पहिल्या दिवशी नवऱ्याच्या फोनमधून तो मशीनचा बाईचा आवाज आला, "ओडिशावाली बोलतेय," अन् मग कुणीतरी खूप वेळ बोललं. एक शब्द कळला नाही. पण शेवटी ती हसली, ते कळलं. नंतर ती रोज बोलायची, कुणालाच कळायचं नाही अन् कुणीच तिला थांबवायचं नाही. आम्ही सगळ्या आपापल्या बोलीत तिला उत्तर द्यायचो. एकीनं तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी थापायची ते सांगितलं, अख्खी, पहिल्यापासून.

अन् चौथ्या-पाचव्या दिवशी, मी लसूण सोलत होते, फोन बोलला, "किनवटवाली बोलतेय," अन् मग, "काय वो बायांनो, जेवल्या का नाई? मी तं सकाळपासून चार वेळा जेवली, सासू मोजून राहिली."

माझ्या हातातला लसूण सुटला. आमच्याकडचीच बोली! किनवट आमच्यापासून काही फार लांब नाही, तिकडच्या बाया आमच्या बाजाराला यायच्या. मी फोन उचलला अन् बटण दाबून म्हटलं, "मी पुसदची वो!" अन् पुढं बोलताच येईना, रडायला आलं. तिचं उत्तर आलं, "अव माय, रडते कायले, मी काय मेली का?"

त्यानंतर रोज. ती नदीकडच्या गावात होती, माझ्या इथून तास-दीड तासावर, पण आम्ही भेटणार कशा? तिचं लग्न माझ्या आधी वर्षभर झालेलं, मूल नव्हतं. भारी थट्टेखोर होती. नवऱ्याला ती "आमचं सायेब" म्हणायची. एकदा म्हणाली आमचं सायेब इतकं गरीब आहे, की मी डोळे वटारले तं म्हशीमागं जाऊन उभं राहाते. मी हसायची, सासूही हसायची, कारण सासू ऐकायचीच. "फोन आठेच ठेव वं, माले बी आयकू दे," म्हणायची, भाजी निवडत बसायची समोर. हळूहळू तिला आमची बोली कळायला लागली, जशी मला तिची. मला ते आवडायचं, खरं सांगते. मला वाटायचं आम्ही दोघी मिळून ऐकतोय.

आखाजी जवळ आली. आमच्या पुसदकडं अक्षय्य तृतीयेचं एवढं काही नसतं, पण खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण, लग्न झालेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावर मांडे होतात, आमरस होतो. गाव दुसऱ्यांच्या लेकींनी भरून जातं अन् सुना आपापल्या माहेरी जातात. मी कुठं जाणार? आदल्या वर्षी मी नणंदेला रस वाढत होते अन् ती म्हणाली, "वहिनी, तू जेवी ले ना," तेव्हा मला घास उतरेना. या वर्षीही धाकटी नणंद येणार होती. सासू पंधरा दिवस आधीपासून घर सारवत होती, म्हणायची, "पोर आखाजीले नही उनी तं माय कशी ऱ्हाई वं?"

किनवटवालीला मात्र जायचं होतं. तिच्या भावाचं लग्न, आखाजीच्याच मुहूर्तावर. तीन वर्षांत तिला एकदाही पाठवलं नव्हतं. बाहेरून आणलेली सून एकदा माहेरी गेली की येत नाही, अशी इथं सगळ्यांना धास्ती असते. एक-दोन घरी झालंही होतं तसं, ती नावं घेऊन घेऊन म्हाताऱ्या बाया बोलतात. तिनं दोन महिने मनधरणी केली तेव्हा कुठं सासू कबूल झाली. आखाजीच्या चार दिवस आधी नवरा तिला रेल्वेत बसवून देणार होता. ती रोज सांगायची, पिशवीत काय भरलं, भावाला कुठला रुमाल घेतला, आईसाठी इकडची मिरची नेते, पाहू म्हणते ती कशी ठसकते.

अन् मी काय केलं? मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी बटण दाबून म्हटलं, "वो, जाशीन तं येशीन ना वापस? का राहाशीन तिकडंच, मले एकटीले टाकून?"

हे विचारताना मी हसत होते, पण मला खरंच भीती होती. मला तिचं जाणंच नको होतं. आखाजीच्या दिवशी मी ताट वाढत असताना ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असेल, हे मला बघवत नव्हतं. आजवर हे मी कुणाला बोलले नाही.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी पीठ मळत होते. सासू ताटात गहू निवडत होती. फोन बोलला, "किनवटवाली बोलतेय," अन् मग तिचा आवाज, नेहमीसारखा फुटाणे फुटल्यासारखा, "येते कायले वो? गेली ना मी एकदा, तं मंग येतच नाई पाय. बसा म्हणा दोघं मायलेकं भाकरी थापत!" अन् हसली. मागं कुठंतरी तिची म्हैस ओरडत होती.

मी हसले. मग सासूकडं बघितलं अन् माझं हसू तिथंच राहिलं. सासूचा हात गव्हात थांबला होता.

"हाई कोन शे वं?"

दोन महिने ती तिचा आवाज ऐकून हसत होती, पण ती कुणाच्या घरची हे सासूनं कधी विचारलं नव्हतं.

"किनवटनी ना? ती नदीकडे दियेल शे ती? अव माय, ती तं मन्ही मावसबहीननी वहू शे!"

मला हे माहीतच नव्हतं. त्यांच्यात सगळेच एकमेकांचे काहीतरी लागतात, आम्हाला कोण सांगतं. मी पीठ मळत राहिले. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, आई, थट्टा आहे ती, मीच विचारलं होतं, आमच्याकडं अशाच बोलतात. एवढंच. पण सासूनं मग विचारलं असतं, तू काय विचारलं होतंस? मग मी काय सांगणार होते? तिनं पुढं विचारलं असतं, तूही तसंच बोलतेस का तिच्याशी? तुलाही पळायचंय का? पीठ सैल झालं होतं तरी मी त्यात पाणी घालत गेले. त्या दिवशीच्या भाकरी तव्यावर फाटल्या.

सासूनं मावसबहिणीला लगेच फोन केला नाही. तीन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. बघा, म्हणजे तिलाही पटत नव्हतं. पहिल्या दिवशी ती स्वतःशीच पुटपुटत होती. दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाली, "सांगू का नको, काय समजत नही." मी ओट्यावर धुणं वाळत घालत ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "तुले काय वाटस वं, ती खरंच जाई का?"

तिनं मला विचारलं. सरळ मला. अन् मी म्हटलं, "मला काय माहीत आई."

त्या तीन दिवसांत रोज दुपारी फोन माझ्या हाताशी होता. सासू दुसऱ्या दिवशी तर तासभर दळण आणायला गेली होती. मी फोन उचलला, बोट बटणावर ठेवलं. इतकंच बोलायचं होतं, की बाई, तुझं बोलणं इथं ऐकलं गेलंय, तुझी सासू आमच्या नात्यातली निघाली, तू आधीच घरी सांगून टाक. श्वास घेतला. मग वाटलं हा निरोप तिच्याही घरी असाच मोठ्यानं वाजला तर? मग वाटलं, नाहीच गेली ती तर काय होईल, मी पण नाही गेले, मी काय मेले का? अन् बोट उचललं. फोन चार्जिंगला लावून टाकला, तो आधीच भरलेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूनं मावसबहिणीला फोन लावला. मी आत होते. "नजर ठेव बाई, मी मन्हा कानवरी आयकं," एवढं मला ऐकू आलं. फोन ठेवून ती आत आली अन् मी न विचारताच म्हणाली, "मी काय वाईट करं? त्यास्नं घर वाचाडं."

दुसऱ्या दिवशी एकपासून तीनपर्यंत मी फोनसमोर बसले. ओडिशावाली बोलली. अजून दोघी बोलल्या. किनवटवाली बोलली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आखाजीला आमच्याकडं नणंद आली, झोका बांधला, तिनं माझ्या मुलीला मांडीवर घेऊन झोका घेतला, मुलगी खिदळत होती, अन् मी मांडे वाढत होते अन् माझ्या मनात एकच, की आत्ता तिकडं तिच्या भावाला हळद लागली असेल, आत्ता वरात निघाली असेल. सासू म्हणाली, "तोंड कसाले पाडी ऱ्हायनी? तुन्हं माहेर लांब शे, काय करशी आते." तिला वाटलं मी माझ्यासाठी रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

पावसाळा लागल्यावर तायांनी सगळ्यांना कॉलेजात बोलावलं, समोरासमोर भेटायला, ॲपमध्ये काय अडचण आली ते सांगायला. सासवांनाही बोलावलं होतं, नाहीतर कुणी पाठवलंच नसतं. माझ्या सासूचे गुडघे दुखत होते, नवऱ्यानं मला अन् मुलीला मोटारसायकलवर सोडलं. वीस-बावीस बाया होत्या, सगळ्या भिंतीला टेकून. कुणी कुणाला ओळखेना. मग एक ठेंगणी, काळीसावळी बाई कपातला चहा बशीत ओतत म्हणाली, "चहा हाय का औषध हाय वो?" अन् माझ्या तोंडून निघालं, "किनवटवाली!" तोच आवाज.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "पुसदवाली ना तू? मले वाटे तू लठ्ठ असशीन." माझी मुलगी उचलून घेतली तिनं, न विचारता, मुका घेतला. तिची सासू पलीकडं दोन बायांत बसली होती, डोळा आमच्यावर. किनवटवाली माझ्या कानाशी येऊन सांगायला लागली. पिशवी भरलेली होती, सकाळी निघायचं, अन् सासू दारात आडवी उभी राहिली. फोन काढून घेतला. नवरा काहीच बोलला नाही, म्हशीमागं जाऊन उभा राहिला, खरंच. भावाचं लग्न तिच्याशिवाय झालं, आईनं फोनवर नुसतं रडून ठेवून दिलं. "कोनं तरी कान भरले वो सासूचे. मले माहीत आहे कोनं. जाऊ आहे माही. तिच्याशी बोलनंच टाकलं मी. तिच्या पोट्ट्याले हात नाई लावत आता."

ती जाऊ, मी कधी पाहिलीही नाही. पोरांसकट तिच्यावर माझं खापर फुटलं होतं अन् ती बिचारी आपलं काय चुकलं म्हणून बसली असेल.  समोर चष्म्याची ताई उभी राहून विचारत होती, कुणाला काही अडचण आली का, मोकळं बोला. सगळ्या खाली बघत होत्या.

मी उठले. का उठले माहीत नाही. मी म्हटलं, "आली. माझ्यामुळं आली." अन् मग एका दमात सगळं, की गावाचं नाव मी ठेवायला लावलं, मोठ्यानं वाजवा मी म्हटलं, येशील का परत हे मी विचारलं, तिनं थट्टा केली, माझ्या घरी ती ऐकली गेली, तीन दिवस मला माहीत होतं अन् मी बोलले नाही. किनवटवालीकडं न बघता तिच्या सासूकडं बघून म्हटलं, "काकू, तिची थट्टा होती. ती परत येणारच होती. तिच्या जावेनं काही केलं नाही."

तिची सासू म्हणाली, "तू कोन वं सांगनारी? तुन्ही सासूनीच तं फोन करा व्हता माले. थट्टा व्हती, तं तव्हय तोंडले कुलूप व्हतं का तुन्हा?"

"हो काकू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ताई भराभर लिहून घेत होती. म्हणाली, "फार महत्त्वाचं सांगितलंत तुम्ही. चूक तुमची नाही, चूक आमच्या डिझाइनची आहे." किती चांगली होती ती. मला वाटलं, धरावं हे वाक्य अन् घरी घेऊन जावं. पण तीन दिवस गप्प काही ॲप बसलं नव्हतं.

मी खाली बसले तेव्हा किनवटवालीनं माझी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. हळू ठेवली, फ्रॉक नीट करून. म्हणाली, "तीन दिस होते?"

"हो."

"मी नवऱ्याले समजावलं असतं वो तीन दिसांत. एक दिस पुरला असता."

मग ती उठली अन् आपल्या सासूच्या शेजारी जाऊन बसली. निघताना दारात ताईनं तिला माहेरी पाठवायचं विचारलं, तर तिची सासू म्हणत होती, "दिवाईले दखू. आते तं काय, लगीन व्हयी गयं." किनवटवाली चपला शोधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी घरी येऊन सासूलाही सांगितलं. त्याच दिवशी नाही, चार दिवस लागले. ती म्हणाली, "मंग माले काबर नही सांगं? मी इचारं व्हतं तुले." मी म्हटलं, भीती वाटली. ती म्हणाली, "मन्ही?" 

ॲप आता बदललं आहे. फोन कानाला लावल्याशिवाय आवाज येत नाही, गावांची नावं काढून टाकली, जिला जे आवडेल ते नाव घेता येतं. मी कोथिंबीर घेतलं. एक नवी आलेली आहे, तेलंगणाच्या बाजूची, तिला मी दुपारी शब्द शिकवते, बठ म्हणजे बस, आयक म्हणजे ऐक, उनी म्हणजे आली. किनवटवालीला फोन परत मिळाला आहे. ती दुसऱ्याच नावानं बोलते, पण तोंड उघडलं की मी ओळखते. सगळ्यांशी बोलते, थट्टा मात्र पहिल्यासारखी करत नाही, बेतानं बोलते. मी काही बोलले तर त्यावर ती बोलत नाही. मीही तिला वेगळं काही विचारलं नाही. विचारायला लागले की मला माझाच तो आवाज आठवतो, येशीन ना वापस.

दिवाळीला तिला पाठवलं, नवऱ्यासोबत, आठ दिवसांसाठी. हे मला तिच्याकडून नाही कळलं. भाऊबीज होऊन गेल्यावर सासू फोनवर बोलून आत आली, मी पोरीला भरवत होते, अन् खुशीत म्हणाली, "उनी वं ती, किनवटवाली. बरोब्बर आठ दिनमा उनी. चांगली शे बिचारी, उगाच भ्याव वाटना व्हता माले."

मुलगी तोंड उघडून बसली होती. मी घास हातात धरून तशीच बसले.

"अव, खवाड ना तिले," सासू म्हणाली.